कुरण्यांचं आपोआप दार

दार आत उघडावं की बाहेर, यावर मी चाळिशी उलटेपर्यंत कधी विचार केला नव्हता. आईच्या खुब्याचं हाड मोडलं आणि करावा लागला.

आई वॉकर घेऊन चालायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "झालं, मीनाबाई, आता तुम्ही मोकळ्या." डॉक्टरांनी आमचं दार पाहिलं नव्हतं. आमचं दार आत उघडतं. वॉकर धरायला दोन्ही हात लागतात, दार ओढायला तिसरा लागतो आणि ते ओढलं की वॉकरसकट मागे सरावं लागतं. मागे सरणं हे वॉकरलाही ठाऊक नव्हतं आणि आईला तर उभ्या जन्मात ठाऊक नव्हतं. मी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, बायको संघप्रिया शाळेत शिक्षिका. आम्ही दोघं बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत आई दाराच्या आत आणि तिच्या मैत्रिणी समोरच्या कट्ट्यावर. दार उघडं टाकून जावं तर टेंबलाईवाडीतली सगळी कुत्री आमच्याकडे पाहुणी. मग धोंडुबाई कट्ट्यावरून ओरडून बातम्या द्यायची आणि आई खिडकीतून ओरडून त्यावर मतं द्यायची. कुणाच्या सुनेबद्दल आमच्या घरात काय मत आहे, हे सगळ्या गल्लीला कळून चुकलं होतं. संध्याकाळी मी घरी आलो की मला निम्मी गल्ली तिरकं बघायची.

त्या सुमारास, म्हणजे नव्व्याण्णव साल लागलं होतं, रविवारी सकाळी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. आकाशात हिंडणारं एक भलं मोठं जहाज आणि त्यात अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेली माणसं. आईला इंग्रजी येत नव्हतं. मला येतं असा आमच्या घरात समज होता. त्यामुळे आम्ही दोघंही चित्रं बघूनच गोष्ट समजून घ्यायचो.

"ही माणसं जेवत्यात कधी रं?" आई विचारायची.

"त्यांच्या गोळ्या असतात."

"मग भांडी कोन घासनार ही काळजीच न्हाय की, चांगलं हाय."

एका रविवारी ती डोळे बारीक करून बघत होती. पडद्यावर जहाजाचा कप्तान तरातरा चालत आला, समोरचं दार 'सुईं' करून बाजूला सरकलं, तो पलीकडे गेला, दार पुन्हा मिटलं.

"जयसिंग, बघितलास? त्याच्या दाराला कुनी हातच लावत न्हाय. मानूस आलं की दार आपलं आपन सरकतंय." मग ती स्वतःशीच म्हणाली, "असलं एक असतं तर मी धोंडीकडं गेलो असतो की."

तिने काही मागितलं नव्हतं. पण मुलग्याच्या कानावर असलं वाक्य पडू नये. मागितलं तर नाही म्हणता येतं.

संघप्रियाचा भाऊ प्रसेनजीत शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला मी सहज विचारलं. प्रसेनजीतला सहज विचारायचं नसतं.

"दाजी, अवघड काय हाय त्यात? एक मोटर, एक रूळ, वर एक डोळा. डोळ्याला मानूस दिसलं की मोटर फिरली, दार सरकलं. विषय संपला!" आणि मग तासभर विषय चालू राहिला. "जगातले निम्मे इंजिनिअर असल्या मालिका बघूनच इंजिनिअर झाल्यात, दाजी. खिशातला फोन आधी टीव्हीत आला, मग खिशात आला. आधी कुनीतरी बघायला लागतंय, मग कुनीतरी करायला लागतंय. कोल्हापुरात पहिलं आपन करू."

त्या वेळी खिशातला फोन मी एका साखर कारखान्याच्या संचालकाच्या हातात लांबून पाहिला होता. पण 'कोल्हापुरात पहिलं' हे शब्द कोल्हापूरच्या माणसाला ऐकवले की त्याची विचारशक्ती संपते.

संघप्रिया वह्या तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बिजागऱ्या काढून दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसवलं तर? आई वॉकरनं ढकलतील आणि जातील."

"विज्ञान कुठं चाललंय आणि तू बिजागऱ्या काय घेऊन बसलीस?"

"बरं," असं म्हणून तिने कुणाच्या तरी वहीवर लाल फुली मारली. ती फुली त्या पोराची होती असं मी अजूनही धरून चालतो.

आमच्या समोर जोतीराम अण्णा पाटील राहतात. दूध संघातून निवृत्त झाल्यापासून सल्ला देणे हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग आहे. ॲल्युमिनियमचं हलकं दार करायचं ठरल्याचं कळताच ते चप्पल न घालता आले.

"जयसिंगराव, ॲल्युमिनियम? डब्याचं झाकन लावताय व्हय घराला? उद्या चोर आला तर फुंकर मारून आत जाईल की. लोखंडी करा. जाड पत्रा. बँकेच्या तिजोरीला असतोय तसला!"

"अण्णा, मोटरला ओढायला जड जाईल."

"मग मोटर मोठी घ्या की! मोटर लहान हाय म्हनून दार लहान करताय? उद्या म्हैस लहान हाय म्हनून बादली लहान कराल!"

या युक्तिवादात काहीतरी चूक होती, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. पण अण्णा बोलून संपले की समोरच्याला दम लागतो. दार लोखंडी झालं. टेम्पोतून ते उतरवायला गल्लीतले सगळे पुरुष लागले आणि नंतर सगळ्यांना चहा लागला. जुनं सागवानी दार अण्णांनी "कशाला वाया घालवताय" म्हणून उचललं आणि त्यांच्या म्हशीच्या गोठ्याला लावलं. त्यांची म्हैस तेव्हापासून सागवानी दारातून ये-जा करते.

नवं दार उघडलं की भिंतीवरून डावीकडे सरकायचं. डावीकडे माझ्या नावाची पाटी होती. म्हणजे दार मिटलं की 'जयसिंग कुरणे' असा मी दिसायचो, आणि कुणी आत यायला लागलं की मी झाकला जायचो. घराच्या मालकाची खरी परिस्थिती याहून नेमकी कुणाला दाखवता आली नसती.

प्रसेनजीतने कारखान्यातल्या एका मोडीत काढलेल्या यंत्राची मोटर आणली. मोटर मोठी म्हणून मी रीतसर परवानगी काढायला विजेच्या कचेरीत गेलो. हा माझा दुसरा मूर्खपणा. मी स्वतः कारकून. 'उद्या या' हे दोन शब्द म्हणण्यात माझी निम्मी नोकरी गेलेली. पण काउंटरच्या बाहेरच्या बाजूने ते ऐकायला कसे लागतात, ते तिथे कळलं.

"मोटर कशाची?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"दाराची."

"दाराची म्हंजे? पाण्याची आसंल तर शेती. लेथची आसंल तर औद्योगिक. दार कशात बसतंय?"

"चौकटीत," मी म्हणालो. विनोद करण्याची ती जागा नव्हती. माझा कागद गठ्ठ्याच्या तळाशी गेला.

पुढच्या खेपेला ते म्हणाले की दाराला वर्गच नाही, वरून मार्गदर्शन मागवतो. त्याच्या पुढच्या खेपेला मार्गदर्शन आलं नव्हतं. शेवटी त्यांनाच माझी दया आली. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "पावनं, किती हेलपाटं घालताय? असं करू. 'पिठाची गिरणी, घरगुती' म्हनून लावतो. त्यात मोटर बसतीया. मिटवा विषय."

मी मिटवला. पण त्यांच्या कचेरीतला वायरमन आमच्याच भागातला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीचा फेस तोंडावर असताना मी दार उघडलं, तर बाहेर धोंडुबाई डोक्यावर जोंधळ्याचा डबा घेऊन उभी.

"जयसिंग, बारीक दळायचं हं. आनि दळप आधी माझं. मीनाच्या वळकीतली हाय मी."

तिच्या मागे आणखी डबे होते. ही गिरणी नसून दार आहे, हे मी प्रत्येकीला वेगवेगळं समजावून सांगितलं. धोंडुबाईला शेवटपर्यंत पटलं नाही. तिचं म्हणणं, दळायचं नसेल तर नाही म्हणावं, दाराची सबब कशाला?

एकदाची मोटर दाराला बसली. वर प्रसेनजीतने डोळा लावला: सुपारीएवढा काळा, तांबूस चमकणारा. "हालचाल दिसली की उघडनार," तो म्हणाला. मी चाललो. दार 'घर्रर्र' करून उघडलं. 'सुईं' झालं नाही, पण उघडलं. गल्लीत टाळ्या पडल्या. मी दोनदा आत गेलो, दोनदा बाहेर आलो. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला माझे कपडे किंचित घट्ट झाल्यासारखे वाटले.

मग आई आली. वॉकर पुढे, मग एक पाय, मग श्वास, मग दुसरा पाय. दारासमोर येऊन ती उभी राहिली. दारही उभं राहिलं.

"आई, जरा हल की."

"हललो की रं. हितवर चालत आलो ते काय मग?"

प्रसेनजीत शिडीवर चढला, डोळा पुसला, खाली वळवला, वर वळवला. मग खाली उतरून मला बाजूला घेतलं. "दाजी, डोळा बरोबर हाय. पन आईंची चाल लई हळू हाय. एवढी हळू हालचाल त्याला कळत न्हाय. त्याला वाटतंय, फर्निचर हाय."

आईला ते ऐकू गेलं. वॉकर वळवायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ घेऊन ती वळली आणि पलंगावर जाऊन बसली.

पुढचे काही आठवडे आमचं दार सगळ्या कोल्हापूरला उघडत होतं. कुत्रं गेलं, उघडलं. भंगारवाला गेला, उघडलं. वाऱ्याने अण्णांचं धोतर दोरीवर हललं तरी उघडलं. मी जेवायला बसलो की रस्त्यावरचे लोक माझ्या ताटात काय आहे ते बघून पुढे जायचे. एकदा तर अण्णांची म्हैस सरळ आत आली आणि दार तिच्यामागे अदबीने मिटलं. फक्त ज्या एका माणसासाठी ते केलं होतं, त्याला ते ओळखत नव्हतं. दुपारी धोंडुबाई मुद्दाम येऊन दारापुढे हात हलवायची, मग आई बाहेर पडायची. पण निम्म्या उंबऱ्यात असताना दाराला वाटायचं की आता कुणी नाही, आणि ते मिटायला लागायचं. धोंडुबाई दोन्ही हात वर करून नाचत उभी राहायची. तिचेही गुडघे दुखायचे. तिने येणं बंद केलं.

आई म्हणाली, "खिडकी बरी हाय मला."

मी प्रसेनजीतच्या मागे लागलो. तो म्हणाला, मुंबईहून चांगला डोळा मागवतो. तो येईपर्यंत चौदा एप्रिल आला.

आमच्या गल्लीतून जयंतीची मिरवणूक जाते आणि आमच्या दारासमोर थांबते. दर वर्षी आई बाहेर येऊन बाबासाहेबांच्या फोटोला हार घालते. माझ्या आठवणीत ते कधी चुकलेलं नाही. त्या दिवशी ती दुपारपासून पांढरं लुगडं नेसून, हार मांडीवर घेऊन बसली होती. मीही पांढराशुभ्र झब्बा घालून, खिरीचं पातेलं घेऊन बाहेर मांडवात उभा होतो.

मिरवणूक वळणावर आली. लेझीम सुरू झाली. डोळ्याला एवढी हालचाल आयुष्यात दिसली नव्हती. दार उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. हलगीच्या ठेक्यावर 'घर्र-ठाक, घर्र-ठाक' असं ते लेझीम खेळायला लागलं. पोरं आमच्या दारासमोर मुद्दाम नाचायला लागली. "कुरण्याचं दार बघा की!" असा गलका झाला. मी चेहऱ्यावर असा भाव ठेवला की हे दार माझं नव्हे. पण दर ठेक्याला माझ्या नावाची पाटी उघडी पडत होती.

आणि लाईट गेली.

दार मिटलेलं होतं. आई आत होती. मी पळत जाऊन दार ओढलं. अण्णा आले, लेझीमवाले आले, पहारी आल्या. दार केसभर हललं नाही.

"वर्म गिअर हाय दाजी," प्रसेनजीत घाम पुसत म्हणाला. "मोटर फिरल्याशिवाय गिअर फिरत न्हाय."

"असला गिअर का लावलास?"

"चोरासाठी. अण्णांनीच सांगितलतं."

अण्णांनी पहार खाली ठेवली. मग लगेच म्हणाले, "मागल्या दारानं घ्या की बाहेर!" मागच्या दाराला उंच पायऱ्या होत्या. त्यांवरूनच पडून आईचं हाड मोडलं होतं; कुणी उचलून न्यायचं म्हटलं तरी ती तिकडून जात नसे. खिडकीच्या गजांमागे आई दिसत होती. हार हातात, वॉकरला धरून उभी.

"जाऊ दे रं जयसिंग," ती आतून म्हणाली. "मिरवनूक थांबवू नगंस. पुढं गावभर जायची हाय. हार घे हितनं, तू घाल."

तिने गजातून हार पुढे केला. मी घेतला नाही. घ्यायला हवा होता, लोक खोळंबले होते. पण माझा हातच पुढे होईना. उभ्या गल्लीसमोर, पांढऱ्या झब्ब्यात, मी माझ्याच दाराबाहेर उभा होतो आणि इतका दमलो होतो की तिथेच पायरीवर बसलो. आईला बाहेर काढायला निघालो होतो आणि तिजोरीत बंद करून ठेवलं होतं.

तेव्हा संघप्रिया मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरकडे चालत गेली. ट्रॉलीवर मोठमोठे कर्णे होते आणि त्यांना वीज पुरवणारा जनरेटर धडधडत होता. ती वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "गाणं बंद करा. त्या जनरेटरची वायर इकडं द्या."

कुणी का म्हणून विचारलं नाही. कर्णे थांबले, हलगी थांबली. वायर डोक्यांवरून हातोहात आमच्या दारापर्यंत आली. प्रसेनजीतने ती जोडली.

कर्णे बंद झाल्यामुळे जनरेटरची सगळी ताकद एकट्या दाराच्या वाट्याला आली असावी, असं प्रसेनजीत नंतर म्हणाला. दार सरकलं नाही, सुटलं. आगीनगाडीसारखं डावीकडे गेलं, टोकाला थांबायचं ते थांबलंच नाही, रुळावरून उतरलं आणि माझ्या नावाच्या पाटीचा चुरा करून भिंतीला टेकून उभं राहिलं. वरचा डोळा टपकन खाली पडला.

धूळ बसली. उंबऱ्यात आई उभी होती.

वॉकर पुढे, मग एक पाय, मग श्वास, मग दुसरा पाय. एवढी मोठी मिरवणूक, पण एकही माणूस हलला नाही की बोलला नाही. ती तिच्या चालीने फोटोपर्यंत गेली, हार घातला, हात जोडले. मग वळून सगळ्यांकडे बघत म्हणाली, "आता वाजवा की! गप का उभारलाय?"

जो गजर झाला, त्यात माझ्या दाराचा विषय वाहून गेला.

संध्याकाळी खीर खाताना प्रसेनजीत चाचरत म्हणाला, "दाजी, एक सांगायचं ऱ्हायलंच. त्या मालिकेतली दारं हायत नव्हं, ती आपोआप सरकत नव्हती. माझ्या साहेबांनी कुठल्याशा मासिकात वाचलंय. पडद्याआड मानसं उभी राहून हातानं वढायची."

मी वाटी खाली ठेवली. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"मलाबी कालच कळलं."

नव्या दाराच्या भानगडीत मी पुन्हा पडलो नाही. संघप्रियाने कमरेएवढं, दोन्हीकडे ढकललं जाणारं एक फाटक सुताराकडून करून घेतलं. कुत्रं आत येत नसे, आई वॉकरने ढकलून कट्ट्यावर जात असे. संघप्रिया मला यावर एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर मला जरा हलकं वाटलं असतं.

यानंतर सात-आठ वर्षांनी कोल्हापुरात एक मोठं, गारेगार दुकान निघालं. आईला स्वेटर घ्यायचा होता म्हणून तिला घेऊन गेलो. रिक्षातून उतरलो आणि बघतो तर समोर काचेचं सरकतं दार. माणसं येत होती, ते 'सुईं' करून बाजूला होत होतं. अगदी 'सुईं'. मी आधी काचेच्या दोन्ही कडांना कुणी उभं आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं. म्हणजे जगात कुठेतरी आणखी कुणी तरी ती मालिका पाहिली असणार. हाताने ओढलेल्या दाराला तोही माझ्यासारखाच फसला असणार, आणि मग दार खरंच उघडेपर्यंत त्याने सोडलं नसणार. फरक इतकाच, की त्याच्या समोर जोतीराम अण्णा राहत नव्हते.

आई आता फारच हळू चालत होती. ती दाराकडे निघाली. हिला हे दार तरी बघणार आहे का? मी मागून हात हलवायला उचलला. उचललेलाच राहिला. आई अजून लांब होती, तोवर दार उघडलं. ती थबकली. दारही थांबलं. ती श्वास घेत होती, ते थांबलं होतं. ती दुसरा पाय उचलत होती, ते थांबलं होतं. ती पार आत गेल्यावरच मिटलं.

आत जाऊन तिने स्वेटरकडे पाहिलं नाही. तिने वॉकर वळवला. दार उघडलं, ती बाहेर आली. पुन्हा वळली, पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर. लोक बाजूने वाट काढत होते. मी बाजूच्या कठड्यावर टेकलो. माझे पाय दुखत होते, तिचे दुखत नसावेत.

शेवटी दारावरचा रखवालदार पुढे आला. "आजी, काय हरवलंय का? आत काय ऱ्हायलंय का तुमचं?"

"न्हाय बाळा," आई म्हणाली, "काय ऱ्हायलं न्हाय. जातोय आनि यतोय." आणि वॉकर वळवून पुन्हा दाराकडे निघाली.